यादीत मुंबई नाही

कन्नमवार नगरात, समाजमंदिराच्या माडीवर
बँकेने भंगारात काढलेले तीन संगणक
आणि शनिवारची दुपार.
मी भिंतीला टेकून, मांडीवर वही.
नियम मीच केलेला:
बोलायचं नाही, हात लावायचा नाही.
माणूस अडेल तिथे फक्त लिहायचं,
किती वाजता, कुठल्या शब्दाला.

अवसरमोलबाई पुढे बसल्या.
एकतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात,
केसपेपरच्या खिडकीवर.
भाषांच्या यादीत खालून वर येत
त्यांना मराठी सापडली.
"आहे की," म्हणाल्या,
परक्यांच्या लग्नात ओळखीचं माणूस दिसावं तसं.

मग पडद्याने विचारलं, तुम्ही कुठे राहता?
त्यांनी लिहिलं मुंबई. काही नाही.
बॉम्बे. काही नाही.
विक्रोळीसुद्धा टाकून पाहिली, न जाणो.
आमच्या घड्याळाचं एकच नाव यादीत: कोलकाता.
"रिटायर झाल्यावर बदली केली काय हो माझी?"
मी गप्प.
दोन वाजून वीस मिनिटं, लिहून घेतलं.

पुढचं वाक्य माझं होतं.
रात्री जागून, शब्दकोश उघडून,
मोठ्या अभिमानाने रचलेलं:
"मूळ विभाजनासाठी आरोहण बिंदू निवडा."
बाईंनी ते तीनदा वाचलं, ओठ हलवत.
खाली कुणीतरी कॅरमवर स्ट्रायकर आपटत होतं.
"आरोहण म्हणजे डोंगर चढतात ते ना?
आता चढायचंय कुठे?"
मी वहीत तोंड घातलं.

आणि मग, डिस्क पुसायची? हो. नाही.
बोट थांबलं.
सात मिनिटं थांबलं, मी मोजली.
त्या डब्यात त्यांचं काहीच नव्हतं,
पण हे त्यांना सांगितलं होतं कुणी?
"यात माझं जाईल काय काय?"
त्यांनी पडद्याला विचारलं, मला नाही.
पडद्याकडे उत्तर नव्हतं.
ते आम्ही कुणी लिहिलंच नव्हतं.
आम्हाला सगळ्यांना माहीत होतं ना.

शेवटी खुर्ची फिरवून म्हणाल्या,
"पहिल्या वर्षी मीही असंच विचारायची.
नाव, वय, वॉर्ड, व्याधी.
एक बाई तशीच उठून गेली.
तिला वाटलं, व्याधी नाही आपल्याला,
नुसती पोटात कळ येतेय.
दुसऱ्या दिवसापासून मी म्हणायला लागले,
बसा. काय होतंय?"

त्या रात्री माझ्या अकरा ओळी मीच खोडल्या.
आरोहण गेलं. शब्दकोश मिटला.
पुसण्याच्या बटणावर लिहिलं:
"या डिस्कवरचं सगळं जाईल. फोटो, कागद, हिशेब.
काही ठेवायचं असेल तर आत्ता थांबा.
घाई नाही."
कुठल्याशा थंड शहरातून तपासनीसाने कळवलं,
वाक्य लांब आहे, चौकटीबाहेर जातं.
मी कळवलं, चौकट वाढवा.
चार दिवस वाद. वाढवली.

मुंबई मात्र अजून यादीत नाही.
ती यादी दुसऱ्यांची, जुनी, तिला हात लावणं
माझ्या आवाक्यात नव्हतं.
खाली करड्या अक्षरांत एक ओळ तेवढी टाकली:
मुंबईत असाल तर कोलकाता निवडा,
घड्याळ एकच आहे.

महिन्याने बाई पुन्हा आल्या,
या वेळी घरचा लॅपटॉप, साडीच्या पिशवीत,
एक बिजागरी निखळलेली.
कोलकात्याला हसल्या, पुढे गेल्या.
पुसण्याच्या पडद्याशी येऊन
सगळं वाक्य वाचलं, बोट खाली धरून,
आणि दाबलं, नाही.

"थांबते आज," म्हणाल्या.
"ह्यांचे फोटो आहेत आत. आधी काढून घेते."

मी वही उघडली.
तीन वाजून पाच मिनिटं.