तीस मायक्रॉन

थर्माकोलच्या पेटीतून निघाला तेव्हा बोराएवढा होता.
एक बाजू काळी, करपल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी.
सोबत कागद. सापडल्याचं ठिकाण: अंटार्क्टिका, निळा बर्फ.
पडल्याची तारीख: अज्ञात.
नाव नाही, नुसता आकडा.
टिळे मॅडम म्हणाल्या, "धोत्रे, हातमोजे."

आमच्यात दगडाला कुणी हातमोजे घातले नव्हते.
आई पेठ रोडवरून निघायची,
रविवार कारंजा, भद्रकाली, गल्लोगल्ली ओरडत,
पाट्याला टाकीऽऽ
कुणाच्या तरी उंबऱ्याबाहेर बसून
गुळगुळीत झालेला पाटा पुन्हा खरबरीत करायची
आठ आण्यांत, मसाला धरावा म्हणून.

मी उलटं शिकलो.
गंगापूर रोडच्या कॉलेजात सव्वीस वर्षं
खरबरीत ते गुळगुळीत करतो.

पाणी सोडलं, हिऱ्याच्या पात्यानं काप घेतला,
काचेवर चिकटवला, घासत गेलो.
पांडवलेणीच्या डोंगराचा कातळ मी डोळे मिटून घासतो,
त्याचा सूर घरचा.
हा मध्येच कुरकुरला. आत लोखंड,
ठिपक्याठिपक्यांनी. दोऱ्याला टांगलेला चुंबक
न बोलावता त्याच्याकडे झुकला.

तीस मायक्रॉनला दगड दगड राहत नाही.
खाली पेपर ठेवला तर मथळा वाचता येतो.

मॅडमनी डोळा लावला, मग मला लावायला सांगितला.
शेंदरी, निळे, पोपटी,
आणि त्यात नाचणीएवढे गोल गोल दाणे,
पृथ्वी नव्हती तेव्हा थिजलेले थेंब.
तबकडी फिरवली. दाणा एकदम विझला नाही,
या कडेपासून त्या कडेपर्यंत
लाट सरकावी तसा विझला.
"धक्का बसलाय याला. थोडाच. लिहा, एस दोन."
लोहाचा आकडा पुण्याहून आला, अठरा पूर्णांक चार,
म्हणजे एच गट. भेगांत गंज मध्यम: बी.
गोलांच्या कडा पुसट, पण दिसतात: पाच.

"पुसट कशानं?"
"आत फार वर्षं धग होती. कडा शेजारच्यांत मिसळल्या.
सहा असता तर गोल शोधत बसावं लागलं असतं."

मंगळवारी आईला घेऊन रेशनच्या दुकानात गेलो.
मशीनवर अंगठा. लाल दिवा.
पदराला पुसून पुन्हा. लाल.
दुसरा अंगठा, मग एकेक बोट,
मागे रांग चुळबुळते.
"मावशी, रेषाच नाहीत की तुम्हाला."
आई म्हणाली, "पाट्यांवर ऱ्हायल्या असतील."
तांदूळ पुढच्या महिन्यावर गेला.

तिथून तिला तशीच लॅबमध्ये आणली.
मॅडम मीटिंगला होत्या.
भिंगातून तिला काही दिसलं नाही, मोतीबिंदू.
"रंग हायेत," इतकंच म्हणाली, माझ्यासाठी.
मग पाकिटाकडे हात केला.
मी हातमोजे शोधायच्या आत
दगड तिच्या तळहातावर होता.

वर-खाली करून तिनं वजन जोखलं.
नखानं टिचकी मारली, कानाशी नेला.
"कच्चा हाये. टाकी धरायचा न्हाई, भुगा हुईल.
कुठला म्हणायचा?"
"लांबचा."
"लांबचाच असंल. हिकडं असला न्हाई."

फॉर्मवर शेऱ्याचा रकाना रिकामा होता.
तो मी तसाच ठेवला.
दगड पाकिटात घातला, टेबल पुसलं.
तिच्या बोटांचा ठसा
तसाही उमटला नसता.