खरेदीआधी

मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, गावच्या कचेरीत
मार्डेल ट्वीट एकच नाव
तिसऱ्यांदा टाइप करते.

पाण्याच्या टाकीला सरकारी अनुदान आलंय.
सगळ्यांत कमी दर ऑर्विन हाल्वरसनचा,
ज्यानं परवाच्या हिमवादळात
तिची गाडी चरातून ओढून काढली
आणि बदल्यात कॉफीसुद्धा घेतली नाही.

पडद्यावर लाल ओळ:
अपात्र. पुढल्या मार्चपर्यंत.
का, ते लिहिलेलं नाही.

ती शेवटचं ‘सन’ खोडून ‘सेन’ करून बघते.
मग स्वतःचीच लाज वाटून
पुन्हा ‘सन’.
यादी बधत नाही.

कागद छापते, तारीख घालते,
दुसरा दर उघडते: नऊ हजारांनी जास्त.

बाहेर बर्फ उपसणारा ट्रक थांबतो.
ऑर्विनच. काच खाली करून हात हलवतो.

तिचाही हात वर जातो,
पेनासकट.