नुकसानीचे कारण

बहोडापूरच्या ट्रान्सपोर्ट नगरात, सकाळी सव्वादहाला,
बादाम कुशवाहने टपावरची निळी ताडपत्री सोलून काढली,
आत डोकावला
आणि म्हणाला, "दगड नाही हा."

दगडच, मी म्हटलं.
विम्याच्या फॉर्मवर तसंच लिहिलंय.

तो हसला नाही.
स्वेटरची बाही बोटांवर ओढून
कडेला लटकलेले तुकडे पाडत राहिला.
ही काच फुटली तरी कापत नाही म्हणे,
भट्टीतच तिला शिकवलेलं असतं:
फुटायचं तर खडीसाखर होऊन फुटायचं.
माझ्या तळव्यावर तरी तीन रेघा आहेत,
आणि मुक्ताच्या लोकरी टोपीतून
परवा अजून एक खडा निघाला.

त्या रात्री ती सीटवर उभी होती,
अर्धी गाडीत, अर्धी ग्वाल्हेरच्या आभाळात,
तोमरांच्या थोरल्याची वरात बघत.
घोडा, बँड, डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका,
धुक्यात सगळंच जरा सोनेरी.
थंडी बाधेल, खाली बस, मी म्हटलं
आणि बटण दाबलं.
काच सरकत आली, खट्‌ करून बसली.
थंडीसाठीच म्हटलं होतं.
दुसरं काही मनात नव्हतं.

पुढे मग आवाज. वरून.
बँड वाजतच होता.

फोनवर विम्याचे पाठक म्हणाले,
गोळी लिहिलंत तर ठाण्यात जावं लागेल,
ठाण्यात गेलात तर नाव विचारतील.
दगड लिहा, ताई. दगडाला नाव नसतं.

नाव मला ठाऊक आहे.
त्या नावाच्या माणसाने
श्रीकांतच्या छातीत कळ आली त्या रात्री
अनवाणी येऊन जीप काढली होती,
जयारोग्यच्या दारापर्यंत हॉर्नवरचा हात उचलला नव्हता.
श्रीकांत आज दुकानात बसतो,
मीठ कमी खातो, माझ्यावर चिडतो.
फॉर्मवर एकच ओळ होती, कोरी, दोन इंच.
तिच्यात एवढं कुठे मावणार?

नवी काच गुडगावहून अकरा दिवसांनी आली,
सत्तावीस हजार चारशे, मजुरी वेगळी.
बादाम चहाला गेला तेव्हा मी आत बसून वर पाहिलं.
त्या चौकोनात किल्ल्याचा एक तुकडा होता,
तटाची कड, आणि एक घार,
पंख न हलवता.

आल्यावर त्याने चारी कोपऱ्यांतल्या नळ्यांत हवा मारली.
डावीकडच्या पुढच्या नळीतून
चाकाजवळ चुरा पडला.
पाणी आत येणारच, तो म्हणाला,
रबर ते अडवत नाही. लोकांना उगाच वाटतं.
त्याला खाली जायची वाट मोकळी पाहिजे, बस्स.

मग काच. दोघांनी धरून, बाळंतिणीला उतरवावं तशी.
पुढून टपापेक्षा केसभर खाली,
मागून केसभर वर,
नाहीतर वारा शिट्ट्या मारतो.
एक रुपयाचं नाणं कडेवरून फिरवत
तो डोळे मिटून समजून घेत होता.
बादलीभर पाणी ओतलं. आत टिपूस नाही.

शेवटी सीटखाली व्हॅक्यूम फिरवताना
काहीतरी खडखडलं.
त्याने हात घालून काढलं, पँटला पुसलं,
माझ्या हातावर ठेवलं. वाटलं होतं त्याहून हलकं.
"हा घ्या तुमचा दगड."
बिलात त्याने ते धरलं नाही.

घरी फाटकाशी तोमर उभेच होते.
लागली का काच? किती घेतले?
अरे, मला सांगायचं, आपल्या ओळखीचा माणूस होता.
टपावरून त्यांनी हात फिरवला, मान डोलावली.
सूनबाईने आतून अनारशांचा डबा आणला.
मी घेतला.

चोवीस तास उघडू नका, बादामने बजावलं होतं,
रबराला बसायला वेळ लागतो.
मुक्ता रोज विचारते, झाले का?
रबर बसायचंय अजून, मी सांगते.
आज नववा दिवस.