सात नंबरची पट्टी

गणपती पेठेत, हळदीच्या अडतीवरच्या माडीवर
बाहुबली चौगुल्यांचं दुकान.
जिन्याचा कठडा धरला की हात पिवळा होतो,
मग ज्या नॉबला हात लावाल, तोही थोडा पिवळा.

"डिजिटल घ्या की," ते म्हणाले, "टॅबवर सगळं.
मांडवामागं चहा पीत आवाज लावायचा.
एकदा जुळवलं की पुढच्या वेळी तेच हजर."

पुढच्या वेळी तेच काही नसतं, चौगुले.
डिग्रजच्या भजनात पेटीवाला बदललेला असतो,
दुधगावच्या शाळेचा पत्रा दुपारी तापला
की माईक वेगळंच बोलतो,
आणि निरोप समारंभाचे गुरुजी
भरून आलं की माईक खाली नेतात, छातीशी,
तेव्हा पडद्यावर बोट फिरवून पान शोधायला
वेळ नसतो.
नाटकात अंधार होतो
तेव्हा टॅबचा उजेड माझ्याच हनुवटीवर पडतो,
पुढच्या रांगेतली पोरं नाटक सोडून मला बघतात.

एवढं सगळं बोललो नाही.
म्हणालो, "ॲनालॉगच दाखवा."

एक नवा कोरा निघाला, नव्याण्णव इफेक्टवाला.
आम्हाला एकच लागतो, थोडा एको,
तोही बारशात पाळणा म्हणणाऱ्या मावशींपुरता.
अध्यक्षांना दिला तर ते भाषण संपवत नाहीत.

हैदर बोटं मोडत होता:
पेटी एक, पखवाज दोन, बुवा एक, कोरस दोन,
सूत्रसंचालन एक, मोबाईलवरच्या राष्ट्रगीताला दोन,
झाले नऊ.
आणि एक ऐनवेळी टपकणाऱ्या पाहुण्याचा.
"दहा. म्हणजे बाराचा बघा."
मॉनिटरला वेगळा ऑक्स हवा, हेही त्यानंच सांगितलं,
कारण समडोळीचे बुवा अजून विचारतात,
"मला माझाच आवाज का येईना रे?"

बाराचा होता. पोत्याखाली, कोपऱ्यात.
लोखंडी गाल, एक स्क्रू गायब,
उचलताना कमरेनं नाव घेतलं.
हेडफोन लावला, काही न जोडता सगळं उघडलं.
लांब कुठंतरी कढईत तेल तापावं, एवढीच सळसळ.
तरी हैदरला विचारलं, "वरची शिट्टी येत्या का?"
पन्नाशीनंतर माझ्या उजव्या कानातून
वरचं वरचं गळून जातं.
तो म्हणाला, "न्हाई."
तो ऐकतो, मी बोटानं चाचपतो,
असे दोघं मिळून आम्ही एक कान.

एकेक फेडर वर, खाली, वर.
सातवा खरखरला.

आणि तेव्हा दिसली ती पट्टी,
फेडरखाली चिकटवलेली, मळकी,
मार्करचं वळणदार अक्षर:
पेटी. पखवाज. पखवाज. बुवा. कोरस. कोरस.
आणि सातवर, बारीक, दोन ओळींत:
इंदूमतीबाई,
हळू बोलतात.

"कुणाचा हो?"
"पलूसकडचा कोण होता. आता न्हाई.
पोरगं म्हणालं, काढून टाका."
मग सवयीनं, "सातवा खराब हाय, हजार कमी करतो.
पट्टी रॉकेलनं निघंल."

"असू द्या," मी म्हणालो.
त्यांना वाटलं, हजाराचं म्हणतोय.
हजार त्यांनी कापले नाहीत, मीही परत काढलं नाही.
हैदर जिन्यात पुटपुटला, पण ओझं त्यानंच धरलं होतं.

घरी स्प्रे मारला, ब्रश फिरवला, दोन दिवस उन्हात ठेवला.
सातवा जरा सुधारला. पुरता नाही.
हलवला तरच खरखरतो.
म्हणून सातवर मी हळू बोलणारं माणूस लावतो,
गेन आधीच सावकाश उघडून ठेवतो,
आणि ते बोलायला उभं राहिलं
की दोन्ही हात मांडीवर घेऊन बसतो.