चौथं तोंड

शिडी धरायला नातू, नाव इल्या,
खाली अंगणात फ्योदोरा किरिलोव्ना,
हातात कॉफीची किटली, जिभेवर तक्रार.
कोंगाझ गावात नोव्हेंबर लागला
की द्राक्षवेलींच्या नुसत्या काड्या उरतात
आणि मला कामं मिळतात.

काम साधं. रिसीव्हर एक, डिश तीन.
मोठा इस्तंबूलला, चामड्याच्या कारखान्यात.
मुलगी इटलीत, कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला न्हाऊ घालते.
धाकटा मॉस्कोत विटा चढवतो.
हिला तिन्हीकडच्या बातम्या हव्यात,
त्यातही शेवटी येणारं हवामान तेवढं.
"बाकीचं सांगतात ती फोनवर.
थंडीचं मात्र खोटं बोलतात."

इस्तंबूल पटकन बसलं.
इटलीच्या वाटेत अक्रोड आडवा आला.
पानं झडलेली, पण मला एप्रिलचा विचार करावा लागतो.
तोड म्हणाली नाही, राहू दे म्हणाली नाही,
झाडाकडे बघत कॉफी ओतत राहिली.
मी खांब दोन मीटर सरकवला.
त्याचे पैसे लावले नाहीत.

मग मॉस्को.
स्क्रू सैल केले, डिश दक्षिणेकडे वळवली,
आणि बाई खालून ओरडली,
"तिकडे काय आहे? समुद्र!
माझा साशा तिकडे!"
किटलीनंच तिनं दाखवलं, उत्तरेला,
गिरणीच्या पलीकडे, जिथून बस सुटते.

आता काय सांगू.
की सगळे उपग्रह विषुववृत्तावर टांगलेत,
दोरीला ओवून वाळत घातलेल्या मिरच्यांसारखे.
मॉस्को काही बोललं की आधी वर चढतं,
मग दक्षिणेकडून आपल्या छपरावर उतरतं.
पंचवीस वर्षं सांगतोय हे लोकांना.
लोक मान हलवतात आणि बिल विचारतात.

ही जरा वेळ गप्प राहिली.
"म्हणजे नऊ वर्षं मी
चुकीच्या खिडकीशी उभी राहत होते?"

मी म्हटलं, माणसांना हा नियम लागू नाही.
बरं सुचलं. मला एरवी असलं सुचत नाही.

केसभर डावीकडे, मीटर कुरकुरतो.
केसभर वर, शिट्टी.
शिट्टी मोडायच्या आत नट आवळायचा,
श्वास रोखून, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी स्विच. काडेपेटीएवढा डबा,
वर चार तोंडं, खाली एक.
तारेचं साल सोललं, तांब्याचा गाभा
नखाएवढा बाहेर ठेवला, पेच फिरवला.
एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणे.
इथे तीन आकाशं राहतात,
फक्त एका वेळी एकच बोलतं.
रिसीव्हर तारेतून वर बारीक हाक धाडतो,
आपल्या कानाला न लागणारी,
आत टिक होतं, बाकीची दोघं चूप.
"भांडत नाहीत?"
"नाही."
"मग माझ्या पोरांपेक्षा शहाणी."

घरात जाऊन रिमोट तिच्या हातात दिला.
एक : बोस्फोरसवर धुकं.
दोन : बोलोन्यात पाऊस, उद्याही.
तीन : मॉस्को, उणे अकरा.
"काल उणे तीन म्हणाला होता," ती म्हणाली,
टीव्हीला.

निघताना पुन्हा वर चढलो,
चौथ्या तोंडाला रबरी टोपण लावायचं होतं.
उघडं राहिलं तर पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं.
इल्यानं शिडी धरली.
सतरा पुरी. मिसरूड. हात मात्र पक्के,
शिडी जराही हलली नाही.
सहज विचारलं, पुढे काय रे?
"जर्मनी," तो हळूच म्हणाला, घराकडे बघत.
"कागद दिलेत. तिला अजून सांगितलं नाही."

फ्योदोरा किरिलोव्ना पैसे घेऊन दारात आली,
थुंकी लावून नोटा मोजल्या, एक परत मोजली,
आणि माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही,
वर डब्याकडे बघत म्हणाली,
"टोपण फार आवळू नकोस."