दहापैकी

कुर्टीच्या शोरूममधली फरशी इतकी गुळगुळीत
की माझी मोटारसायकल तिथे कधी आजारीच पडत नाही.

आवाज येतो केरी सोडल्यावर,
चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणाला,
दुसऱ्या गिअरात, चढ अंगावर आला की:
टक्.
मग थोडा विचार करून, टक्‌टक्.
मागच्या बाकावरचं पोर बोटाने बाक वाजवतं
आणि मी फळ्यापासून वळलो की गप्प, तसा.

हे सगळं मी काउंटरवर सांगितलं.
मुलीने जॉबकार्डावर लिहिलं: आवाज.

काचेआड बसवलं. कागदी पेल्यात चहा.
टीव्हीवर ह्याच कंपनीची गाडी बर्फातून धावत होती.
चार वाजता चावी मिळाली. गाडी धुतलेली, आरसे पुसलेले.
‘आवाज ना, सर. ट्रायल घेतली.’
कुठे?
‘हांगाच. पार्किंगांत.’
बिलात तेल, मजुरी, आणि कन्झ्युमेबल्स, एकशे चाळीस.
कुणी काय खाल्लं, मी विचारलं.
मुलगी हसली नाही.
हा विनोद तिला रोज कुणी ना कुणी ऐकवत असणार.

दुसऱ्या खेपेला पार्ट मागवला, पुण्याहून.
फाल्यां येतलो.
अकरा दिवस फाल्यां चाललं.
मी कदंबाच्या बसने शाळेत जायचो,
प्रार्थना संपल्यावर पोचायचो,
आणि सुर्लच्या पोरांना मास्तर पहिल्यांदाच आवडला.
पार्ट आला, बसला, बत्तीसशे रुपये गेले.
तिसऱ्या वळणाला: टक्.

तिसऱ्या खेपेला मॅनेजर कुंकळ्येकर स्वतः.
‘नऊ वर्षं झाली, सर. एक्स्चेंजमध्ये अठरा हजार धरतो.’
नव्या गाडीच्या कोटेशनात विमा, नोंदणी, क्रॅशगार्ड,
सगळ्यात खाली हँडलिंग, साडेतीन हजार.
हँडल तर गाडीला असतंच, असं ओठांवर आलं.
काउंटरवरची मुलगी आठवली. गप्प बसलो.

चावी घेऊन आला तो रुपेश मळीक.
छातीवर बिल्ला, केसांना जेल, पण कान तेच,
मी पिरगळलेले.
‘सर, कंपनीचो फोन येतलो. धा दियात.
णव दिल्यार म्हजो इन्सेंटिव्ह कापतात.’

दहा!
सव्वीस वर्षांत मी दहापैकी दहा कुणाला दिले नाहीत.
शुद्धलेखनालाही अर्धा गुण मुठीत ठेवतो.
ह्यालाच भागाकारात दोन दिले होते,
त्यातला एक समास नीट आखल्याबद्दल.

मी काही बोललो नाही.
त्याने कॅमेऱ्याकडे पाठ केली,
जॉबकार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं:
इनास. उसगाव तिस्क. चिकूच्या झाडाकडे.
‘हांगा सगळें सपाट, सर. हांगा तो वाजचो ना.’

इनासकडे पाटी नव्हती.
माझं ऐकून हात पुसले, मागे बसला, म्हणाला, वच.
तिसऱ्या वळणाला थांबवलं. ब्रेक दाब. क्लच अर्धो सोड.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला,
लाकडी मूठ कानाला, डोळे मिटलेले.
वर्गात मी इतका वेळ कुणाचं ऐकलेलं नाही.
एक बोल्ट. तीन आटे.
चाळीस रुपये, आणि परत तिस्कापर्यंत सोडणं.

आता डाव्या बाजूने नवा आवाज येतो, बारीक.
तो नंतर बघू.

रविवारी फोन आला. यंत्रातली बाई.
तुमच्या सल्लागाराला किती गुण द्याल?
एकासाठी एक दाबा, दोनसाठी दोन...
मी तो आखलेला समास आठवत उभा.
दहासाठी, बाई म्हणाली, शून्य दाबा.

दाबलं.

मग संध्याकाळपर्यंत धाकधूक,
पोराला खरोखरच शून्य गेलं नसेल ना.