शेवटचा रकाना

तायस्तोने ती सतरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली
तेव्हा कागद गिरणीच्या धुराड्याला अजून लाल पट्टा होता
आणि मी शाळेत होते.

दर मिनिटाला ती सोलारिसला विचारायची,
प्रोसेसर कसा आहे, बाबा?
उत्तरात आकड्यांची लांबलचक ओळ यायची.
तायस्तो तिच्यातला शेवटचा रकाना तेवढा उचलायचा.
शेवटचा रकाना म्हणजे विसावा.
शंभरातून विसावा वजा केला की उरतं ते काम.
एकोणीस वर्षं हिशेब चुकला नाही.

मध्येच एक टीप, त्याच्या नेहमीच्या तुटक बोलीत:
पहिली ओळ धरू नये.
ती यंत्र चालू झाल्यापासूनची सरासरी असते.
सरासरीला आजचं काही ठाऊक नसतं.

नोव्हेंबरात जांभळी पेटी ट्रकवर चढली
आणि तिच्या जागी लिनक्स आलं.
स्क्रिप्ट मी जशीच्या तशी उचलून आणली,
कुंडीतलं रोप मातीसकट आणावं तशी.
चालली. एक अक्षरही कुरकुरली नाही.
तिथेच मला शंका यायला हवी होती.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन किंचाळला.
प्रोसेसर शंभर टक्के.
दोन अकराला शंभर. दोन बाराला शंभर.
बाहेर उणे बावीस.
पायजम्यावरच कोट चढवला,
बँकेच्या कार्डाने काचेवरचा बर्फ खरवडला
आणि नदीकाठाने गाडी हाकली.

सर्व्हरच्या खोलीत पंखे संथ.
तिसरं कागदयंत्र दुरुस्तीला उघडलेलं,
म्हणजे मोजायला एक रीळसुद्धा नाही.
पत्र्यावर हात ठेवला. गार.
आणि पडद्यावर मात्र: राबतोय, राबतोय, मरेस्तोवर राबतोय.
रखवालदार इल्मो दारात उभा होता.
म्हणाला, माझा मेव्हणाही असाच आहे.

पहाटे पाचला कळलं.
इथे ओळ विसाव्यापाशी संपत नाही.
त्याच्या पुढे दोन घरं वाढली आहेत.
एक, वाट पाहण्याचं:
डिस्ककडून काही येईल म्हणून ताटकळलेला वेळ.
दुसरं, चोरीचं:
एका लोखंडात चार भाडेकरू राहतात तेव्हा
शेजाऱ्यांनी पळवलेला वेळ.
आमच्याकडून कुणी काही चोरलं नव्हतं.
शेवटच्या रकान्यात शून्य.
शंभरातून शून्य गेलं, शंभर उरले.
स्क्रिप्ट खोटं बोलत नव्हती,
ती फक्त जुन्या पत्त्यावर जाऊन
भलत्याच माणसाला प्रकृती विचारत होती.

साडेपाचला तायस्तोला फोन केला.
तो त्या वेळी तळ्यावर असतो,
बर्फाला भोक पाडून, बादलीवर बसून.
हात लावून पाहिलास?
गार आहे.
मग जा, झोप.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला, मी जागा पाठ केली होती गं.
नाव विचारायचं राहिलं.
आणि मासा लागला म्हणून फोन ठेवला,
किंवा लागला नसेलही.

मी स्क्रिप्ट उघडली.
आता ती आधी मथळ्याची ओळ वाचते,
विसाव्याचं नाव शोधते, मग त्याच्या खाली उतरते.
कुणी उद्या आणखी दहा रकाने जोडले तरी जोडोत.
तायस्तोची टीप तशीच ठेवली. तिच्याखाली माझी:
शेवटचीही जागा धरू नये.

अडकले ते वाट पाहण्यापाशी.
सोलारिस तिथे वर्षानुवर्षं शून्यच सांगायचा.
ताटकळत तोही असेल, पण बोलायचा नाही.
आता आकडा समोर होता, तीन टक्के,
आणि तो कुठे टाकायचा ते कळेना.
वाट पाहणं हे काम धरायचं की विसावा?
इल्मो कॉफीचे दोन कप घेऊन आला होता.
त्यालाच विचारलं.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं.
उजाडायला अजून चार तास होते.
म्हणाला, माझ्या पगारात तरी
ते काम धरतात.